मोठी दुकानेही का बुडतात?

प्रश्न : सोलापुरात मंगळवार पेठेत आमचे जुने किराणा दुकान आहे. मोठ्या साखळी दुकानांमुळे महिन्याचा किराणा भरणारी गिऱ्हाइके घटली. पण अशा साखळ्याही बंद पडल्याचे वाचतो. मग टिकते ते कशाच्या जोरावर?

उत्तर : रोख पैशाच्या फिरण्यावर, असे आमचे मत आहे. चेन्नईत १९९७ साली सुरू झालेल्या ‘सुभिक्षा’ने देशभर सुमारे १६०० दुकाने उघडली, परंतु हा विस्तार बराचसा कर्जावर झाल्याने पैशाचा ओघ आटताच पगार आणि पुरवठादारांची देणी थकली, फळ्या रिकाम्या पडल्या आणि २००९ मध्ये कारभार ठप्प झाला. याउलट राधाकिशन दमाणी यांच्या ‘डीमार्ट’ने २००२ मध्ये पवईत पहिले दुकान काढल्यावर घाई केली नाही; जागा शक्यतो मालकीच्या घेतल्या आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून त्या बदल्यात माल स्वस्त मिळवला. भाव दोघांचेही कमीच होते, हे ध्यानात घ्यावे.

साखरेच्या आणि तेलाच्या भावात तुम्ही त्यांच्याशी झुंजू नये (त्यात सुटते तरी किती?). मालदांडी ज्वारी मुठीत घेऊन, दाणा दाताखाली फोडून पाहणारे गिऱ्हाईक मात्र अजून तुमच्याच पोत्यापाशी थांबते, म्हणून ज्वारी, डाळी आणि शेंगाचटणी यांचा दर्जा राखावा. त्याआधी उधारीची वही उघडून तीन महिन्यांहून जुनी येणी किती आहेत, ते पाहावे.