भाजलेल्या रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून लस किंवा अँटीबॉडीचं इंजेक्शन मिळतं का?

धनुर्वातासाठी मिळतं, आणि ते जरूर घ्यावं. लसीचे डोस अपुरे असतील किंवा नक्की आठवत नसतील, तर टिटॅनसच्या लसीबरोबर तयार अँटीबॉडी, म्हणजे टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिनही देतात. रोज वापरात असलेली इम्युनोथेरपी, म्हणजे लस किंवा अँटीबॉडी देऊन केलेला उपचार, एवढाच.

खरा त्रास देतो स्यूडोमोनास नावाचा जंतू. ड्रेसिंग सोडल्यावर हिरवट डाग आणि गोडसर वास आला की वॉर्डातल्या सिस्टर लगेच ओळखतात. त्यावर लस देऊन पाहिली होती, तीही आपल्याकडेच. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात सत्तरच्या दशकात या जंतूच्या 16 प्रकारांविरुद्धची लस आणि लस घेतलेल्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी देऊन पाहिल्या. मृत्यू कमी झाले. निष्कर्ष 1979 आणि 1980 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तरी ती लस नेहमीच्या वापरात आली नाही.

अडचणी सरळ आहेत. माणूस भाजणार हे आधी कुणाला माहीत असतं? लस दिल्यावर अँटीबॉडी तयार व्हायला काही दिवस जातात, आणि जंतू तोवर थांबत नाहीत. तयार अँटीबॉडी लगेच काम करतात, पण भाजलेल्या जागेतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, झिरपतो आणि त्याबरोबर त्याही वाहून जातात. शिवाय जळून मेलेल्या कातडीत रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे तिथे ना अँटीबॉडी पोहोचतात ना अँटिबायोटिक. म्हणून तर सर्जन ती कातडी लवकर काढून तिथे ग्राफ्ट, म्हणजे चांगल्या त्वचेचा तुकडा, लावायची घाई करतात. घरच्यांना ते क्रूर वाटतं, पण संसर्गाविरुद्ध माझ्या मते आजही सगळ्यात भरवशाचा उपाय तोच.