रुंद चाकांसाठी मुदत ठेव मोडावी का?

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपल्याकडे २००८ साली नोंदणी झालेली, परदेशात तयार होऊन आलेली दोन आसनी मर्सिडीझ एसएलके आहे. ती आपण हौसेने सांभाळता आणि सुट्टीच्या सकाळी हालोल रस्त्याने किंवा अहमदाबाद द्रुतगती मार्गाने चालवता. वडोदऱ्यातील एका दुकानाने ऑगस्ट २०२५ मध्ये १८ इंची रुंद रिमसाठी १,३५,०००, टायरसाठी ९५,०००, स्पेसर (चाक बाहेर सरकवण्यासाठी रिम व हब यांच्यामध्ये बसवायची चकती) व लांब बोल्टसाठी १८,००० आणि बसवणे, बॅलन्सिंग व अलाइनमेंटसाठी ७,००० असा एकूण २,५५,००० रुपयांचा अंदाज दिला. ही रक्कम ६ लाखांच्या मुदत ठेवीतून काढावी की १४ टक्क्यांनी तीन वर्षांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझे मत विचाराल तर दोन्ही करू नये. टायर मात्र तातडीने बदलावेत.

आपण टायरच्या बाजूवरील '१८१७' हा आकडा कळवलात हे फार बरे झाले. त्याचा अर्थ ते २०१७ च्या अठराव्या आठवड्यात तयार झालेले आहेत. क्वचित चालणाऱ्या गाडीचे टायर झिजून नव्हे, तर वयाने निकामी होतात. नक्षी भरपूर शिल्लक दिसली तरी रबर कडक होते आणि पावसात पकड सोडते. गाडी आता ढिली वाटते अशी आपली जी तक्रार आहे, तिचे मूळ रुंदीच्या अभावात नसून या जुन्या रबरात असण्याची शक्यता मला अधिक वाटते. शिवाय रुंद टायर ओल्या रस्त्यावर पाण्यावर तरंगू लागण्याचा धोका वाढवतो, आणि त्याची बुटकी बाजू खड्ड्याचा मार थेट रिमवर नेते. आपल्या शहरातील पावसाळ्यानंतरचे रस्ते लक्षात घेता हा खर्च एकदाच होईल असे धरून चालता येणार नाही.

आता स्पेसरविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण अंदाजपत्रकातील लहान वाटणारी ही रक्कम सर्वांत जास्त विचार करण्याजोगी आहे. ऑफसेट म्हणजे रिमची मध्यरेषा आणि ती हबला टेकते तो पृष्ठभाग यांतील मिलिमीटरमधील अंतर; ते जितके जास्त, तितके चाक आत बसते. आपली सध्याची पुढची रिम साडेसात इंच रुंद आणि ३६ ऑफसेटची आहे; दुकानाने देऊ केलेली साडेआठ इंच रुंद आणि ४५ ऑफसेटची आहे. ती तशीच बसवली तर तिची आतली कड सुमारे २२ मिलिमीटर आत, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरच्या दिशेने सरकेल, आणि म्हणूनच १५ मिलिमीटरचा स्पेसर सुचवला गेला आहे. स्पेसर लावल्यावर बाहेरची कड आजच्यापेक्षा जवळजवळ १९ मिलिमीटर बाहेर येते. याउलट त्याच रुंदीची ३५ ऑफसेटची रिम मिळाली, तर स्पेसरविना ती सुमारे १४ मिलिमीटर बाहेर आणि १२ मिलिमीटरच्या आसपास आत बसेल. म्हणजे येथे स्पेसर ही गाडीची गरज नाही. हाताशी असलेल्या गैरमापाच्या रिमची ती भरपाई आहे आणि तिचे पैसे आपण मोजणार आहात. पुढे बेअरिंगवर वाढणारा भार, स्टिअरिंगच्या स्वभावात होणारा बदल आणि बोल्टचे आटे पुरेसे बसले आहेत की नाही हे तपासत राहण्याची जबाबदारी, हेही आपल्याच पदरी येते.

पैशाच्या बाजूने पाहू. २,५५,००० रुपयांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ८,७१५ रुपये येईल आणि तीन वर्षांत जवळजवळ ५८,७०० रुपये व्याज जाईल. नव्या टायरांच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम केवळ व्याजात जाणे मला मान्य नाही. ठेव मोडली तर तीत ३,४५,००० उरतात. आपला महिन्याचा खर्च गृहकर्जाच्या हप्त्यासह ८५,००० असल्याने आज जो सात महिन्यांचा आधार आहे, तो चार महिन्यांवर येईल. मुलगी अकरावीत असताना आणि घर प्रामुख्याने नंदेसरीच्या एका नोकरीवर चालत असताना ही ठेव गाडीची नाही, घराची आहे.

पत्रात न आलेला एक खर्च मात्र ठरलेला आहे. २०२३ मध्ये आयात गाडीच्या नोंदणी नूतनीकरणासाठी आपण ४०,००० रुपये शुल्क भरले. ती मुदत ऑक्टोबर २०२८ मध्ये संपेल आणि तेव्हा गाडी वीस वर्षांची झालेली असेल. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरील आयात चारचाकीसाठी हे शुल्क ८०,००० रुपये झाले आहे, आणि तपासणीत उत्तीर्ण होण्यासाठी करावी लागणारी दुरुस्ती वेगळी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले आहे. मडगार्डच्या बाहेर डोकावणारी चाके घेऊन त्या तपासणीला जावे असे मी सुचवणार नाही.

विम्याचा खर्चही चाकांच्या आधी येतो. आपण केवळ तृतीय पक्ष विमा ठेवला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा अशा विम्यातून स्वतःच्या गाडीसाठी काहीही मिळणे शक्य नव्हते. स्वतःच्या नुकसानीसह विमा घ्या, गाडीचे विमा मूल्य कंपनीशी लेखी ठरवून घ्या, आणि पुढे कधी रिम बदलल्याच तर त्या कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवा. न कळवलेल्या बदलावरून दावा अडण्याची वेळ येऊ देऊ नका.

म्हणून असे करावे. बोनसमधून बाजूला ठेवलेल्या ८०,००० रुपयांतून मूळ मापाचे, म्हणजे पुढे २२५/४५ आर १७ आणि मागे २४५/४० आर १७, चार टायर घ्यावेत. त्याच दुकानाने त्यांचे ७२,००० सांगितले आहेत, पण नवा दर मागा: २२ सप्टेंबर २०२५ पासून टायर व सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे आणि तो फरक पूर्ण उतरला तर चार टायरांमागे साडेपाच हजारांहून अधिक वाचतात. घेताना टायर अलीकडच्या आठवड्यांतील आहेत ना, हे पाहावे. त्यानंतर दरमहा ५,००० गाडीच्या वेगळ्या खात्यात टाकावेत. दोन वर्षांत १,२०,००० जमतील आणि नोंदणीचे शुल्क त्यातून निघेल. मुलीच्या शिक्षणाची ७,००० ची एसआयपी यासाठी कमी करू नये.

नव्या टायरांवर एक पावसाळा गाडी चालवून पाहा. गाडीच्या देखणेपणाची आपली ओढ मला समजते, आणि २०२८ चे नूतनीकरण पार पडल्यावरही ती तशीच राहिली व खात्यात पैसे असले, तर रिम घेण्यास माझी हरकत नाही. मात्र ऑफसेट असा निवडावा की स्पेसर लागूच नये, मडगार्ड कापू किंवा वाकवू देऊ नये, आणि मूळ चारही रिम त्यांच्या बोल्टसह जपून ठेवाव्यात, कारण जुन्या गाडीचा जाणता ग्राहक त्या आधी मागतो.