मॉडेल रेल्वेत उंचावरचा ट्रॅक खरा कसा वाटेल? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (नाशिक): एचओ स्केलचा (खऱ्याच्या 1/87 आकाराचा) लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेली छोटी रेल्वे आहे. सेटबरोबर आलेले प्लास्टिकचे खांब लावून ट्रॅक वर नेला. गाडी छान चालते, पण सगळं खेळण्यासारखं दिसतं. खांब बदलू का?

उत्तर: खांब नंतर बघू, आधी जमीन बदला. सपाट प्लायवर खांबांची रांग उभी आहे आणि गाडी वर का गेली, याचं उत्तर कुठेच दिसत नाही. खरी रेल्वे हौस म्हणून वर चढत नाही. दरी, नदी, रस्ता किंवा दुसरा रूळ आडवा आला तरच चढते. कसारा घाटातला एहेगावचा पूल तुम्हाला जवळच आहे. रूळ आपल्या चढाने चाललाय, जमीनच खाली निघून गेली आहे. तेच करा: पुलाखालचा प्लाय कापून टाका आणि तिथे खोलगट भाग करा. खांबांची उंची आपोआप कमीजास्त होईल.

दुसरं म्हणजे, सगळा चढ खांबांवर नको. रेल्वे आधी मातीचा भराव घालते, तो परवडेनासा झाला की पूल बांधते. भरावाला मात्र जागा लागते. उंचीच्या दुप्पट उतार दोन्ही बाजूंना धरा, म्हणजे 5 सेंमी उंचीला प्रत्येक बाजूला 10 सेंमी. एवढी जागा नसेल तर एका बाजूला दगडी भिंत दाखवा. भराव आणि पूल जिथे भेटतात तिथे भक्कम अबटमेंट, म्हणजे पुलाचं टोक पेलणारी भिंत हवीच. नवशिक्यांच्या लेआउटवर नेमकं तेच नसतं आणि पूल हवेतून सुरू झाल्यासारखा वाटतो.

प्रश्न (सांगली): एक ट्रॅक दुसऱ्यावरून न्यायचाय. चढाला 2 मीटरच जागा आहे आणि सहा डबे जोडले की इंजिनाची चाकं जागेवरच फिरतात.

उत्तर: फिरणारच. एचओमध्ये खालच्या रुळापासून पुलाच्या तळापर्यंत साडेसात सेंमी मोकळे ठेवावे लागतात, त्यावर पुलाची जाडी दीड. म्हणजे 9 सेंमी चढायचंय, 2 मीटरमध्ये. हा 22 ला 1 असा चढ झाला, म्हणजे 22 सेंमी पुढे जाताना 1 सेंमी वर. बोरघाटात 37 ला 1 आहे आणि तिथेही कर्जतला मागून बँकर (गाडी ढकलणारी जादा) इंजिनं लावतात! 40 ला 1 धरलात तर 3.6 मीटर हवेत. उपाय सोपा आहे: वरचा ट्रॅक साडेचार सेंमी चढवा, खालचा साडेचार उतरवा. प्रत्येकाला 1.8 मीटर पुरतील. चढाची सुरुवात आणि शेवट मात्र हळुवार वळवा, नाहीतर तिथेच कपलिंग सुटेल.

प्रश्न (मुंबई): चार फूट बाय दोन फुटांचं टेबल आहे. घाट वगैरे जमणार नाही.

उत्तर: घाट कशाला? सँडहर्स्ट रोडला जा. खाली मेन लाइन, वर हार्बरचे फलाट, आणि डॉकयार्ड रोडकडे जाणारी लोकल लोकांच्या खिडक्यांना जवळजवळ घासून जाते. माझ्या मते शहरी लेआउटसाठी याहून सुंदर नमुना नाही. एन स्केल घ्या, ते एचओच्या जवळपास निम्मं असतं. वरच्या ट्रॅकची दोन्ही टोकं इमारतींच्या मागे लपवा, म्हणजे चढ दाखवावाच लागणार नाही. गाडीने फक्त यायचं-जायचं. गर्डरचे (लोखंडी तुळईचे) रिव्हेट, म्हणजे जोडाच्या खिळ्यांची गोल डोकी, कार्डशीटला मागून बोथट सुईने दाबून उठवा. पुलाखाली रिकामी जागा ठेवू नका: हातगाडी, ताडपत्री, पाण्याचं पिंप, भिंतीवरची पोस्टरं. मुंबईत पुलाखाली रिकामी जागा कुणी पाहिली आहे?

प्रश्न (रत्नागिरी): कोकण रेल्वेचा पानवलचा पूल एचओमध्ये जसाच्या तसा करता येईल?

उत्तर: खरा पूल 64 मीटर उंच, 424 मीटर लांब. म्हणजे घरात सुमारे 74 सेंमी उंच आणि 4.9 मीटर लांब! हॉल रिकामा करणार असाल तर अवश्य करा. नाहीतर लांबी कापा, तीन-चार गाळे (दोन खांबांमधले भाग) ठेवा, पण उंचीला शक्यतो हात लावू नका. त्या पुलाचा रुबाब उंचीत आहे. काँक्रीट एकसारखं करडं रंगवू नका. कोकणातल्या पावसाने ते वरून खाली काळवंडतं, तेव्हा पातळ काळपट रंगाचे ओघळ सोडा.

प्रश्न (पुणे): पुलावर खडी टाकायची की नाही?

उत्तर: काँक्रीटच्या आणि दगडी कमानीच्या पुलावर टाका. साध्या लोखंडी गर्डरवर नको. तिथे स्लीपर थेट गर्डरवर बसतात आणि फटींतून खालचं पाणी दिसतं. दोन रुळांच्या आत गार्ड रेलची, म्हणजे घसरलेली चाकं अडवणाऱ्या जादा रुळांची जोडी विसरू नका.

प्रश्न (कोल्हापूर): थर्मोकोलच्या डोंगरावर स्प्रे मारला, डोंगरच वितळला.

उत्तर: स्प्रेतल्या द्रावकाने थर्मोकोल विरघळतो. आधी फेविकॉलमध्ये बुडवलेल्या वर्तमानपत्राचे दोन थर चढवा, पूर्ण वाळू द्या, मग पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशने लावा.