युगांडातल्या खेड्यात वर्गणी काढून हापसा बसवून द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपालात राहणाऱ्या काही भारतीय कुटुंबांनी वर्गणी काढली आहे. पूर्व युगांडातल्या सोरोटीच्या बाजूला एका गावात बोअर मारून हापसा बसवून द्यायचा विचार आहे. पण "आफ्रिकेत मदतीचे प्रकल्प टिकत नाहीत" असं सगळीकडून कानावर येतं. मग हे करावं का, आणि सोबत जुने कपडेही पाठवावेत का?

मी भूजलाच्या कामात आहे. पूर्व युगांडात, तेसो आणि बुसोगा या भागांत, काही वर्षं हापशांच्या दुरुस्तीवर काम केलं आहे. उत्तर आधीच सांगते: पैसे जरूर द्या, पण नव्या हापशासाठी देऊ नका. ज्या गावाचा विचार करताय त्याच्याच पंचक्रोशीत बंद पडलेला हापसा आहे का ते आधी बघा. बहुतेक सापडेलच. तो नीट करा आणि पुढची पाच-सात वर्षं तो चालता राहील याची सोय करा. असं का म्हणते ते जरा सविस्तर लिहिते, कारण "टिकत नाहीत" म्हणताना जो ठपका गावकऱ्यांवर येतो तो मला मुळीच मान्य नाही.

ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या 'रूरल वॉटर सप्लाय नेटवर्क' या संस्थेने २००९ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या २० देशांची आकडेवारी एकत्र केली होती. त्यात सुमारे ३६ टक्के हातपंप बंद निघाले. नंतरचे अंदाज थोडे बरे आहेत, पण तरी चारातला एक बंद असं धरून चालावं लागतं. यातला प्रत्येक हापसा कधीतरी कुणीतरी उद्‌घाटन करून, फोटो काढून गावाच्या हवाली केलेला आहे. आत पाणी आहे, बोअर शाबूत आहे, आणि वर दांडा नुसता हलतो. बाया मग विसाची जेरीकॅन घेऊन पुन्हा दलदलीच्या कडेच्या झऱ्यावर जातात. वीस लिटर म्हणजे वीस किलो वजन, आणि त्या झऱ्यावर गुरंही पाणी पितात.

आता एक गोष्ट आपल्या जवळची. युगांडात ज्याला 'यू-टू' म्हणतात तो हापसा म्हणजे आपला इंडिया मार्क टू. त्याचं मूळ थेट मराठी मुलखात आहे. १९६० च्या दशकात दुष्काळी भागात विंधनविहिरी वाढल्या तेव्हा त्यांवर ओतीव लोखंडाचे घरगुती पंप बसवले जायचे. एका कुटुंबासाठी बनवलेला पंप अख्खं गाव दिवसभर हापसणार, तो टिकणार कसा? जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमधल्या लोकांनी त्यावर खटपट करून मजबूत पंप बनवला, तो 'जालना पंप'. पुढे सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश मेकॅनिकने पोलादी 'सोलापूर पंप' घडवला. १९७० च्या दशकात युनिसेफने पुढाकार घेतला आणि सोलापूरच्या या पंपावरून इंडिया मार्क टू तयार झाला. रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीने त्याचं उत्पादन सुरू केलं. तिथून तो जगभर गेला. तेसोतल्या एखाद्या शाळेच्या आवारात तो निळा-करडा खांब पाहिला की मला आपल्याकडचाच एखादा पार आठवायचा.

पण त्याच्यासोबत आपली दुरुस्तीची व्यवस्था गेली नाही. महाराष्ट्रात हापसा बिघडला की पंचायत समितीकडे तक्रार जाते आणि हातपंप दुरुस्ती पथकाची गाडी येते. उशिरा येते, कधी चार खेपा घालाव्या लागतात, पण कुणाच्या दारात जायचं ते ग्रामपंचायतीला ठाऊक असतं आणि सुट्या भागांची तरतूद कुठल्यातरी खात्यात असते. १९८० च्या दशकात, आंतरराष्ट्रीय पेयजल दशकाच्या काळात, आफ्रिकेत मात्र वेगळं धोरण रुजलं: हापसा गावाचा, म्हणून तो सांभाळायचाही गावाने. ऐकायला हे फार चांगलं वाटतं. पाणी समिती नेमायची, तिच्यात बायका असाव्यात, घरटी महिन्याला थोडे शिलिंग गोळा करायचे, गावातल्या दोघांना पाने चालवायला शिकवायचं. प्रत्यक्षात सरकार आणि देणगीदार दोघेही मोकळे झाले, आणि पंचवीस मीटर लोखंडी पाइप उपसून काढायचं काम शेतकरी बायकांच्या समितीवर पडलं. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीला कुणी म्हणेल का, की बोअरची मोटर बसवून दिली, आता जळली तर तुम्हीच उघडा?

वर्गणी का जमत नाही, तेही सांगते. पावसाळ्यात पाणी चहूकडे असतं, तेव्हा हापशाला कुणी पैसे देत नाही. हातात पैसा येतो तो पीक निघाल्यावर, आणि हापसा मोडतो तो बहुधा कोरड्या दिवसांत, जेव्हा त्याच्यावर सगळ्यात जास्त ताण असतो. गोळा झालेले पैसे खजिनदाराच्या घरी डब्यात पडून असतात. त्याच घरात मूल आजारी पडलं तर ते पैसे खर्च होणार, याला चोरी म्हणायला माझं मन धजत नाही. एकदा पैसे गेले की पुढच्या वेळी कुणी देत नाही. त्यात निवडणूक आली की "पाण्याचे पैसे देऊ नका" असं सांगणारे पुढारी येतात, आणि वर्षभराची मेहनत वाया जाते.

दुसरं कारण गावकऱ्यांच्या हातातच नाही. युगांडाच्या बऱ्याच भागांत भूजल किंचित आम्लधर्मी आहे. हापशाचे पाइप जर जस्त चढवलेल्या लोखंडाचे म्हणजे जीआयचे असतील, तर अशा पाण्यात ते आतून खाल्ले जातात. कधी दोन-तीन वर्षांत, कधी त्याही आधी. पाणी तांबूस येऊ लागतं. कपड्यांवर पिवळे डाग पडतात, शिजवलेला घेवडा काळपट होतो, आणि लोह चहात उतरलं की चहा शाईसारखा काळा होतो. बायका मला हेच सांगायच्या, की हापसा चालू आहे पण पाणी घेववत नाही. पुढे पाइपला भोकं पडतात, हापसून हापसून हात भरून येतात आणि पाणी वर येतच नाही. समिती कितीही चांगली असो, गंजलेला पाइप ती काय करणार? २०१६ मध्ये युगांडाच्या पाणी मंत्रालयाने हापशांसाठी जीआय पाइप आणि रॉड (पाइपच्या आतून खाली जाणाऱ्या सळया) वापरणं थांबवायला सांगितलं. तरी बाजारात ते मिळतात आणि स्वस्त पडतात. तुमचा कंत्राटदार कोटेशन देईल तेव्हा त्यात पाइप कशाचे आहेत हे पहिल्यांदा वाचा. पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी आहे, मोजून घ्या. साडेसहाच्या खाली असेल तर जीआय अजिबात नको. स्टेनलेस स्टील घ्या किंवा 'यू-थ्री-एम' प्रकारचा हापसा, ज्यात पीव्हीसीचे पाइप आणि स्टेनलेसचे रॉड असतात. स्टेनलेसच्या नावाखालीही हलका माल खपवतात, म्हणून ग्रेड लेखी मागा.

देणगीदारांना नव्या गोष्टीचं जे आकर्षण असतं त्याचं एक उदाहरण द्यायलाच हवं. 'प्लेपंप' नावाची कल्पना होती: मुलांनी गोल चक्राच्या झोपाळ्यावर खेळायचं आणि त्या फिरण्याने पाणी टाकीत चढायचं. २००६ मध्ये अमेरिकी सरकार आणि काही प्रतिष्ठानांनी त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर केले. २०१० पर्यंत आफ्रिकेत ४,००० चक्रं बसवायची होती. एक यंत्र सुमारे १४,००० डॉलरचं, म्हणजे साध्या हातपंपाच्या कितीतरी पट. ठरवलेल्या लोकसंख्येला पुरेल इतकं पाणी काढायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल, असा हिशेब 'गार्डियन' वृत्तपत्राने मांडला. मुलं कंटाळली की वयस्क बायका वाकून ते चक्र हाताने ढकलत होत्या. काही ठिकाणी चालता हातपंप काढून त्या जागी हे बसवलं गेलं होतं. मोडलं तर सुटा भाग मिळेना. त्या बायकांना आधी कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.

मग टिकतं काय? शेजारच्या केनियाचं उदाहरण घ्या. क्युसो भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी हापशाच्या दांड्यात छोटा ट्रान्समीटर बसवला. दांडा हलायचा थांबला की मोबाइल नेटवर्कवरून खबर जाणार आणि ठरलेला स्थानिक मेकॅनिक निघणार. आधी हापसा दुरुस्त व्हायला सरासरी २७ दिवस लागत, ते तीन दिवसांच्या आत आले. यंत्रापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दुरुस्तीची जबाबदारी कुणावर आहे हे पक्कं झालं. वेळेवर दुरुस्ती होते हे दिसल्यावर लोक पैसे द्यायला तयार झाले. त्यातूनच पुढे क्वाले आणि किटुईत 'फंडीफिक्स' ही देखभालीची कंपनी उभी राहिली. युगांडातही अशा धर्तीचे करार आहेत: हापसा चालू असेपर्यंत मेकॅनिकला ठरावीक पैसे. एरवी मेकॅनिकची कमाई हापसा मोडला तरच होते, त्यामुळे वेळेआधी वॉशर बदलायला, बेअरिंग-साखळीला ग्रीस लावायला कुणी फिरकत नाही. करार केला की तोच माणूस दर तीन महिन्यांनी येऊन उघडून बघतो.

आणि पैशांच्या डब्याचं उत्तरही आफ्रिकेतच सापडलं आहे. नायजर देशात मारादी भागात १९९१ मध्ये 'केअर' संस्थेसोबत बायकांचे बचतगट सुरू झाले. आपल्या बचतगटांसारखेच, पण बँकेशिवाय. लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तिघींकडे, आणि पैसे मोजायचे ते सगळ्यांसमोर. आज ही पद्धत खंडभर आहे, तेसोतही गावोगावी आहे. जिथे पाण्याची वर्गणी या गटाच्या पेटीत वेगळ्या खात्यावर ठेवतात आणि त्यातून सभासदांना व्याजाने देतात, तिथे दुरुस्तीला पैसे असतात, असा माझा अनुभव आहे. याच मारादीत १९८० च्या दशकात टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञाने आणि तिथल्या शेतकऱ्यांनी शेतातल्या तोडलेल्या झाडांच्या बुडख्यांना आलेले कोंब छाटून, राखून पुन्हा झाडं उभी केली. रोपं विकत आणायची नव्हती, खत नको, गाडी नको, नुसता कोयता. ते पुढे नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरवर पसरलं. आफ्रिकेत काही टिकत नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

उलट बाजूही अलीकडेच दिसली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली आणि १ जुलैला यूएसएड ही त्यांची परदेशी मदतीची संस्था बंदच झाली. दूरच्या राजधानीतून येणाऱ्या पैशांवर ज्यांचे पगार आणि सुटे भाग अवलंबून होते ती कामं तिथल्या तिथे उघडी पडली. तुमचा गट लहान आहे, पण तुमचीही कंपालातून बदली होईल, कुणी भारतात परत जाईल. तुमच्यामागे काय चालू राहील ते आत्ताच ठरवा.

म्हणून सोरोटीला गेलात की आधी जिल्ह्याच्या पाणी अधिकाऱ्याला भेटा. कुठला हापसा कधीपासून बंद आहे याची नोंद त्या कार्यालयात असते. जिल्ह्यातल्या हातपंप मेकॅनिकांची संघटना असते, तिच्याकडून एखादा जाणता मेकॅनिक सोबत घ्या आणि हापसा उघडून बघा. बोअर गाळाने भरला आहे का, पाणी किती येतं, पीएच किती, पाइप कशाचे. बोअरच कोरडा असेल तर तो सोडून द्या, तिथे पैसे घालण्यात अर्थ नाही. जमीन कुणाची आहे तेही विचारा आणि वापराचा हक्क लेखी करून घ्या. मालकाने कुंपण घातल्यामुळे सुस्थितीतले हापसे निकामी झालेले मी पाहिले आहेत. सगळे पाइप बदलून हापसा नीट करायला नव्या बोअरच्या मानाने बरेच कमी पैसे लागतात. उरलेल्या पैशांतून मेकॅनिकसोबत देखभालीचा करार करा, गावाचा हिस्सा गावाने आणि तुमचा तुम्ही, आणि दरवर्षी तुमचा थोडा कमी होत जाईल असा. गावाशी बोलताना फक्त अध्यक्षांशी बोलू नका. सकाळी रांगेत उभ्या असलेल्या बायका-मुलींशी बोला. हापसा आठवड्यात किती वेळा दगा देतो ते त्या अचूक सांगतात.

कपड्यांबद्दल: पाठवू नका. पूर्व आफ्रिकेत परदेशी जुन्या कपड्यांचे आधीच ढीग आहेत आणि स्थानिक शिवणकामाचा धंदा त्याखाली दबला आहे. या कपड्यांना आळा घालायला रवांडाने २०१६ मध्ये आयातकर वाढवला, तर अमेरिकेने २०१८ मध्ये त्यांच्या तयार कपड्यांची करसवलत काढून घेतली. शाळेसाठी वह्या द्यायच्या असतील तर सोरोटीच्या बाजारातून विकत घ्या.

गाव ठरलं आणि पीएच मोजून झाला की इथेच लिहा. पाइप कुठले घ्यायचे आणि करारात काय कलमं टाकायची ते मी बघून सांगेन.