वाचक विचारतात : झोत ‘चांगला’ म्हणजे काय?

प्रश्न : क्ष-किरणांच्या फ्री इलेक्ट्रॉन लेझरमध्ये आरसे नसतात म्हणे. मग इलेक्ट्रॉनच्या झोताच्या गुणवत्तेचा एवढा बाऊ का? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आरसे नसतात म्हणूनच! किरण मागे-पुढे फिरवून वाढवता येत नाहीत. जे व्हायचं ते एकाच फेरीत. अंड्युलेटरमध्ये, म्हणजे ध्रुव आलटूनपालटून लावलेल्या चुंबकांच्या रांगेत, इलेक्ट्रॉन नागमोडी धावतात, प्रकाश सोडतात आणि त्याच प्रकाशामुळे त्यांचे एकेका तरंगलांबीच्या अंतराने थर जमतात. कॉलेजात असताना मी लक्ष्मी रस्त्यावर ढोल वाजवायचो. पन्नास ढोल एका ठेक्यात पडले की छातीत घुमतं. पाच जण घाईला आले की नुसता गोंगाट. इथेही तसंच : थर जमून सगळे एका ठेक्यात चमकले तरच प्रकाश जोरदार होतो. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतला फरक हजारात एका भागाहून कमी लागतो. एमिटन्स, म्हणजे ढोबळमानाने झोताची जाडी गुणिले फाकणं, तरंगलांबी भागिले ४π च्या आसपास हवा.

खरी कसोटी सुरुवातीलाच. कॅथोडवरून, म्हणजे जिथून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात त्या पृष्ठभागावरून, सुटलेले इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, म्हणून त्यांना लगेच जोरदार वेग देतात आणि सोलेनॉइडने (तारेच्या वेटोळ्याच्या चुंबकाने) सावरतात.

गंमत म्हणजे फार ‘थंड’, म्हणजे ऊर्जेत जवळजवळ फरकच नसलेला, झोतही नडतो. तो दाबून आखूड करताना नको त्या लहरी उठतात. म्हणून कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या क्ष-किरण लेझरमध्ये (२००९ मध्ये तिथे १.५ अँगस्ट्रॉम, म्हणजे साधारण अणूएवढ्या तरंगलांबीचे किरण मिळाले) ‘लेझर हीटर’ने ऊर्जेतला फरक मुद्दाम किंचित वाढवतात!

आणि हो, इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रातही फ्री इलेक्ट्रॉन लेझर आहे. पण तो अवरक्त किरणांचा. हे किरण आरशावरून नीट परततात, त्यामुळे तिथे आरसे आहेत.