सहलीत डोळ्यांवर पट्टी बांधून जोडीचा खेळ कसा घ्यावा?
नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातले १६ जण पांडवलेणीला जाणार, पॅकिंग आणि क्वालिटीवाल्यांचं आपसात जमत नाही, म्हणून हा खेळ घ्यायचाय, असं तुमचं म्हणणं. लेण्यांच्या पायऱ्यांवर तो अजिबात नको. पायथ्याला सपाट जागा बघा. फाळके स्मारकाच्या आवारात घ्यायचा तर आधी परवानगी काढा.

दोरीने २० फूट बाय १० फुटांचा पट्टा आखा. आत दहा-बारा पाण्याच्या बाटल्या ठेवा, एक तृतीयांश भरलेल्या. रिकामी बाटली वाऱ्याने लोळते, पूर्ण भरलेली अंगठ्याला लागते. विटा, खुर्च्या नकोत. पट्टीला सुती उपरणं किंवा ओढणी, पण ज्याची त्याने आणायची. डोळे आले असतील तर एकच कापड सगळ्यांना प्रसाद देतं. चक्कर येणाऱ्याला आग्रह करू नका, कडेला राखणीला उभं करा.

जोडीत एक पॅकिंगचा, एक क्वालिटीचा. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, दुसरा त्याचा वाटाड्या; बाटल्यांना पाय न लावता पट्टा पार करायचा. साहेब आणि त्याच्या हाताखालचा माणूस एकत्र नको, तो चुकीची सूचनाही मुकाट्याने पाळतो.

पहिली तीन मिनिटं पट्टीवाल्याने वाटाड्याचं कोपर धरून चालायचं. वाटाड्याने त्याला ढकलायचं नाही. मग फक्त आवाजावर.

खरी गंमत इथे बिघडते. "जरा उजवीकडे" म्हटलं की एक जण जागेवर वळतो, दुसरा आडवा सरकतो. वाटाड्या समोर तोंड करून उभा असेल तर स्वतःची उजवी सांगतो आणि पाय थेट बाटलीवर. म्हणून वाटाड्या दोरीबाहेर, पण पाठीमागे. 'वळ' आणि 'सरक' वेगळे ठेवा. 'जरा', 'थोडं', 'इकडे' बंद. पाऊल म्हणजे एका चपलेएवढं, टाचेला अंगठा लावून. 'थांब' म्हटलं की दोन्ही पाय जमिनीला. पट्टीवाल्याने प्रत्येक सूचना आधी मोठ्याने म्हणायची, मग पाय उचलायचा. बऱ्याच चुका तिथेच सापडतात.

सुरुवातीला एका वेळी दोनच जोड्या सोडा. बघ्यांनी ओरडायचं नाही, नाहीतर त्याची आंधळी कोशिंबीर होते. पाच मिनिटांनी भूमिका बदला, बाटल्याही हलवा, नाहीतर दुसरा आठवणीवर चालतो.

शेवटी "कसं वाटलं?" विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. कुठल्या शब्दाला पाय अडला, ते विचारा. आणि लगेच, लाइनवर "थोडा माल थांबवा" म्हणजे नेमके किती खोके, हे दोन्हीकडच्यांकडून वेगवेगळं लिहून घ्या.