दूरच्या प्रवाळ बेटांवर शंख-शिंपले 'मोजतात' म्हणजे नेमकं काय करतात? मुंबईत राहून, डायव्हिंग न येता हे शिकता येईल का?

शिकता येईल. मी एका टीमबरोबर मदतनीस म्हणून लक्षद्वीपला गेले तेव्हा मलाही डायव्हिंग येत नव्हतं. बेटाच्या आतल्या बाजूचं लगून, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआडचं शांत पाणी, बऱ्याच ठिकाणी उथळ असतं, तिथे मास्क आणि स्नॉर्कलवर (श्वास घ्यायची नळी) भागतं. रीफच्या, म्हणजे त्या प्रवाळाच्या भिंतीच्या, बाहेरच्या उतारावर मात्र डायव्हरच उतरतात.

काम ऐकायला सोपं आहे. तळावर ५० मीटरची टेप अंथरायची. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर धरलं की १०० चौरस मीटरचा पट्टा झाला. एक मीटरची पीव्हीसी नळी आडवी धरून सावकाश पुढे सरकायचं आणि पट्ट्यात दिसेल तो जायंट क्लॅम (मोठा शिंपला), समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा मऊ प्राणी), शंख, सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा जीव) प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलने टिपायचा. असे सहा पट्टे म्हणजे ६०० चौरस मीटर. त्यात तीन क्लॅम मिळाले तर हेक्टरी ५०.

पहिल्याच पट्ट्यात माझे क्लॅम भरले १४, जोडीदाराचे ९. टेप एकच, पाणी एकच. माझे पाच होते पट्ट्याच्या बाहेर! इतके सुरेख निळे-जांभळे, की सोडवेनात. काठावरचा जीव डावीकडे असेल तर धरायचा, उजवीकडे असेल तर सोडायचा, असला रुक्ष नियम का करतात ते त्या दिवशी कळलं. त्याहून अवघड म्हणजे पाच-पाच पट्टे काहीच न मिळता पोहणं आणि प्रत्येक वेळी पाटीवर इमानदारीत शून्य लिहिणं. जिथे भरपूर दिसतं तिथेच टेप टाकली तर आकडा फुगतो. मग १९९८, २०१०, २०१६ सारखी समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडण्याची लाट येऊन गेली की आधी किती होतं आणि नंतर किती उरलं, हे कशाच्या आधारावर सांगणार?

तिथला नेहमीचा क्लॅम ट्रायडॅक्ना मॅक्सिमा. हा प्रवाळात रुतून बसतो, बाहेर दिसतात ते फक्त नागमोडी ओठ. त्या ओठांच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हावर क्लॅमसाठी अन्न तयार करतं. तुमची सावली पडली की हा मिटतो आणि दगडात दगड होऊन जातो, म्हणून सूर्य समोर ठेवून जवळ जायचं. समुद्रकाकडीची तऱ्हा वेगळी. हात लावला की आखडते, त्यामुळे तिच्या लांबीवर फार विसंबता येत नाही. शिवाय काही जाती रात्रीच बाहेर पडतात, म्हणून दिवसाच्या आणि रात्रीच्या मोजणीची सरमिसळ करायची नाही.

उचलायचं मात्र काही नाही. समुद्रकाकड्या आणि हा क्लॅम २००१ पासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. तस्करी इतकी, की २०२० मध्ये लक्षद्वीपच्या चेरियापाणी भागात खास समुद्रकाकड्यांसाठी २३९ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र करावं लागलं. रिकामा शंखसुद्धा राहू द्या. खेकड्याला घर लागतं.

आता मुंबई. इथे प्रवाळ बेट नाही, पण कार्टर रोडचे आणि हाजी अलीचे खडक सरावाला उत्तम. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी पकडा, ती साधारण सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. एक मीटरची दोरीची चौकट घ्या, ठरावीक अंतरावर टाकत जा आणि आतलं सगळं मोजा. 'मरीन लाईफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून किनाऱ्यावर फेऱ्या काढतात. ओळख पटवायला त्यांच्याबरोबर दोन-तीनदा जाऊन या.

मी एकदा अशीच चौकट टाकून बसले होते. शेजारी कालवं फोडणारी एक मावशी बराच वेळ बघत होती. म्हणाली, "हितं काय नाय गो, त्या पलीकडच्या खडकावर जा." म्हटलं, मावशी, हेच लिहायचंय, इथे काही नाही म्हणून. ती कोयती थांबवून हसली, "नसलेलं पन मोजता?" पलीकडच्या खडकावर खरंच कालवं खच्चून होती. माझी चौकट तिथे पडायची नव्हती, म्हणून मोजली नाहीत.

सुरुवात ऑक्टोबरनंतर करा. जाड तळाचे बंद बूट घाला, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. आणि पाणी फिरलं की चौकट अर्धी राहिली तरी उठा.